काढून टाकलेली सत्तावीस नावं

माझ्या मुलीने वहीच्या दोन पानांवर एकतीस सरकारी मेडिकल कॉलेजांची नावं क्रमाने लिहिली होती. त्यातली सत्तावीस मी काढायला लावली. चार ठेवली. सांगायचं आहे ते एवढंच. पण ती का काढली हे कुणाला समजायचं असेल तर आधी मी कशी बाई आहे ते सांगावं लागेल.

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. नीटच्या परीक्षेसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुली आणि मुलं माझ्याकडे दोन वेळ जेवतात. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी इथे आले तेव्हा मुलगी पाचवीत होती. मालक शेतीसाठी गावातच राहिले. एक खोली, एक शेगडी आणि सहा डबे, अशी सुरुवात होती. आता बसून जेवायला हॉल आहे, पोळ्या लाटायला तीन बायका आहेत. नववीनंतर माझी शाळा सुटली होती. पुढचं जे काही शिकले ते गंजगोलाईच्या बाजारात शिकले.

टोमॅटो पाहिजे असतील तर आधी वांग्याचा भाव विचारायचा. आपल्याला नेमकं काय पाहिजे आणि आपण कितीपर्यंत तयार आहोत, हे समोरच्याला कळलं की आपण गेलो. त्याने पहिल्यांदा सांगितलेला भाव हा भाव नसतोच, त्याला हो म्हणायचं नाही. राहू द्या म्हणून पिशवी उचलायची आणि चालायला लागायचं. मागून हाक येते. मला बारा वर्षांत बहुतेक वेळा आली. एक भाजीवाला तर मी दिसले की टोमॅटोच्या क्रेटवर पोतं टाकायचा आणि म्हणायचा, आज मालच न्हाई काकू, उद्या या. घरमालक, गॅसवाला, पीठवाला, सगळ्यांशी मी भांडले आहे आणि सगळ्यांशी माझा व्यवहार टिकून आहे. माझा आवाज चढला की हॉलमधली मुलं मान खाली घालून भराभर जेवतात. मला ते माहीत आहे. त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही.

मुलगी या सगळ्याच्या मधोमध अभ्यास करत मोठी झाली. हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल तिचं. शेंगदाणे भाजायचा वास, ताटांचा आवाज, माझं ओरडणं, आणि तिच्यासमोर बायोलॉजीचं पुस्तक. दरवर्षी निकाल लागला की जेवायला असलेल्या मुलांपैकी कुणी ना कुणी पेढे घेऊन यायचं, पाया पडायचं, काकू तुमच्या भाकरीवर झालो म्हणायचं. माझ्या मेसमध्ये जेवून किती डॉक्टर झाले ते मी मोजत नाही असं म्हणते, पण मोजते. आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायची, थांबा, माझीही येतेय मागून.

पहिल्या वर्षी तिचं झालं नाही. दुसऱ्या वर्षी जे मार्क पडले ते काठावरचे होते. काठावरचे म्हणजे काय ते ट्यूशन एरियात रिक्षावाल्यालाही कळतं. सरकारी सीट लागेलसुद्धा, पण कुठे लागेल ते सांगता येत नाही, आणि जरा इकडेतिकडे झालं तर लागणारही नाही.

मार्क पडल्यानंतरचं काम वेगळंच असतं. आपल्याला हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमाने ऑनलाइन भरायची. मग गुणवत्ता यादीप्रमाणे एकेकाचा नंबर येतो, कॉम्प्युटर त्याची यादी वरून खाली बघत जातो आणि ज्या पहिल्या कॉलेजात जागा असेल ते देतो. अशा दोन-तीन फेऱ्या होतात. आज मी हे तीन-चार ओळींत सांगते. तेव्हाही मला वाटत होतं की मला हे कळलेलं आहे.

आमच्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर एकाचं काउन्सेलिंगचं ऑफिस होतं. फॉर्म भरून देणं, कॉलेजांचा क्रम लावून देणं, हा त्याचा धंदा. त्याने सगळ्या फेऱ्यांचे मिळून पैसे सांगितले. मी निम्मे म्हटले. तो हसला. मी पर्स बंद करून उठले. जिन्यापर्यंत गेले तेव्हा त्याने हाक मारली आणि म्हणाला, "मावशी, निम्म्यात पहिल्या फेरीचं करून देतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा." मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन मालकांना फोनवर सांगितलं, की निम्म्यात केलं.

मुलगी तीन दिवस त्याच्याकडे जाऊन बसत होती. आधीच्या वर्षी कुठल्या कॉलेजात किती मार्कांपर्यंत जागा गेल्या ते बघून तिने यादी केली. वर लातूर, मग नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगर. मग सोलापूरकडची, मग विदर्भातली, आणि खाली कधी नावही ऐकलं नाही अशा ठिकाणची. तो मला म्हणाला, यादी लांब ठेवायची, खाली जास्त नावं लिहिली म्हणून वरचं कॉलेज जात नाही. हे तो बोलला होता आणि मी ऐकलं होतं. माझ्या मनात आलं, हा असंच म्हणणार. याला काय, कुठे का लागेना, सीट लागली की पोरीचा फोटो याच्या बोर्डावर.

पहिल्या फेरीत तिला सीट लागली. दुपारची वेळ होती, पंगत अर्धी उठली होती. ती टेबलावरून ओरडली नाही. उठून आत आली, कणकेत हात असलेल्या मला फोन दाखवला आणि नुसती उभी राहिली. एमबीबीएस, सरकारी. पोळ्यांवरची एक बाई रडायलाच लागली. जेवत असलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, कुठलं? तिने सांगितलं. यादीतलं अठ्ठाविसावं नाव होतं ते, विदर्भाच्या पार पूर्वेला, तिथून पुढे राज्यच संपतं. कुणीतरी मोबाईलवर बघून सांगितलं, इथून जायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गावाहून आले. येताना रेणापुरातून नवी कोरी सुटकेस घेऊन आले होते, निळी, चाकांची. दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे देऊन आले होते. मी आधी त्यावरूनच भांडले. ते म्हणाले, पोरीच्या ॲडमिशनच्या बॅगेला काय भाव करायचा. मग चहा घेता घेता खाली बघत म्हणाले, "लांब हाय. पण आपली हाय. जाऊ दे तिला."

मी म्हटलं, पहिल्या बोलीला कुणी हो म्हणतं का? पहिल्या फेरीतली सीट घेतली नाही तरी दुसऱ्या फेरीत बसता येतं, असा त्या वेळचा नियम होता. काउन्सेलिंगवाल्याला फोन केला. त्याने सांगितलं, आधी जाऊन ॲडमिशन घ्या. ती हातात ठेवून दुसऱ्या फेरीत वरच्या कॉलेजासाठी उभं राहा. वरचं मिळालं तर ही आपोआप सुटेल, नाहीच मिळालं तर ही आहेच. ऐकायला सरळ होतं. मला ते पटलं नाही. माल पिशवीत घेतल्यावर भाव कमी करून मागणाऱ्याला कोण विचारतं? आपण घेतलं की त्यांचं काम झालं, ते आपल्याला दुसरं कशाला देतील? आणि दोन दिवसांनी तोच माणूस मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला की दुसऱ्या फेरीत कट-ऑफ थोडा उतरतो, लातूर नाही पण नांदेडला चान्स आहे. हे त्याने म्हटलं होतं. त्याच्या तोंडचं तेवढंच मी घेतलं.

खरं सांगायचं तर मला तिला लांब पाठवायचं नव्हतं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांना वाढलं होतं. माझी डॉक्टर होईल ती माझ्या हातचं खाऊन व्हावी, दुपारी डबा घेऊन मी दवाखान्याच्या गेटवर जावं, तिने ॲप्रन घालून बाहेर यावं, एवढं मला पाहिजे होतं. ते मी मालकांना बोलले नाही आणि तिलाही नाही. पाहिजे ते बोलून दाखवायची मला सवय नव्हती.

तिने भांडण केलं नाही. एकदा म्हणाली, मी राहीन तिथं, आई, मला भीती न्हाई वाटत. मी म्हटलं, दम धर. शेवटच्या दिवशी तिकडे हजर व्हायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. सुटकेस कॉटवर उघडी पडलेली, त्यात तिने दोन टॉवेल आणि स्वेटर आधीच ठेवला होता. पाच वाजून गेले. ती उठली, स्वेटर काढून कपाटात ठेवला, आणि संध्याकाळच्या पंगतीला वाढायला आली.

दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायला आम्ही कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेंटरमध्ये गेलो. चालवणारा चाळिशीचा, चष्म्याचा माणूस, सातबारापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं काढून देणारा. मुलीने वहीची दोन पानं त्याच्यासमोर ठेवली. त्याने एकतीस नावं भरली. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून वाचलं आणि म्हटलं, वरची चार ठेवा, खालची काढा.

तो मागे वळला. "सगळी?"

"सगळी."

तो मुलीकडे बघायला लागला. मी त्याला समजावून सांगितलं. मागच्या वेळी आपण लांबचं नाव लिहिलं, म्हणून त्यांनी लांबचं दिलं. ही बाई कुठेही पाठवायला तयार आहे हे एकदा कळलं की जवळची सीट कोण देणार? या वेळी कळूच द्यायचं नाही. चार दिली आहेत, या चारांतलं द्या, नाही तर राहू द्या.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आई, तिथं कुणी माणूस बसलेला न्हाई. ते मशीन हाय. त्याला आपल्या मनातलं कळत न्हाई. जे लिहिलं न्हाई ते देत न्हाई, एवढंच त्याला कळतं."

"नऊ वर्षं बाजार केलाय मी. तू गप बस."

त्या माणसाने एकेक नाव काढलं. माझ्या फोनवर ओटीपी आला, कारण फॉर्मवर नंबर माझा होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. यादी लॉक झाली. प्रिंट निघाली तेव्हा त्या माणसाने ती माझ्याकडे न देता तिच्याकडे दिली. सही तिची लागत होती. पेन उठत नव्हतं, तिने ते दोनदा झटकलं आणि सही केली. पुरी, नीट, बापाच्या नावासकट.

ती सही का केली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. नसती केली तर मी काय केलं असतं? तिथेच आरडाओरडा केला असता, ते तिला माहीत होतं. एकोणीस वर्षांची होती. भर दुकानात आईचा आवाज चढू नये म्हणून तिने सही केली, असं मला वाटतं. दुसरं काही कारण मला सापडत नाही.

दुसऱ्या फेरीची यादी लागली त्यात तिच्या नावापुढे काही नव्हतं. चारही कॉलेजं तिच्या वरच बंद झाली होती. नांदेडची शेवटची सीट तिच्यापेक्षा थोडेच मार्क जास्त असलेल्याला गेली होती. आणि ते विदर्भातलं कॉलेज तिच्यापेक्षा सात मार्क कमी असलेल्या मुलीला लागलं होतं. हे आम्हाला लगेच कळलं, कारण ती मुलगी माझ्याच मेसमध्ये जेवायची. लातूरजवळच्या मुरुडची. वडिलांचं तिथे पंक्चरचं दुकान.

ती पेढे घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं, की ही सीट आधी कुणाला मिळाली होती. मी आत निघून गेले. पडद्याआडून मी बघितलं, माझ्या मुलीने पेढा घेतला, तिला मिठी मारली, आणि शेजारी बसवून सांगायला लागली की तिथल्या हॉस्टेलला काय काय लागतं, कुठल्या गाडीने जायचं, स्टेशनवरून पुढे बस कुठून मिळते. सगळं तिने महिनाभर आधी शोधून ठेवलं होतं. त्या मुलीकडे मोठी बॅग नव्हती. माझी मुलगी आत आली, कॉटखालून निळी सुटकेस काढली, फडक्याने पुसली आणि बाहेर नेऊन तिला दिली. त्या दिवशी मला बोलताच आलं नाही.

बोलणं आलं ते दुसऱ्या दिवशी, काउन्सेलिंगवाल्याच्या ऑफिसात. तिथे चार पालक बसले होते, त्यांच्यासमोर मी त्याला नको नको ते बोलले. टेबलावरच्या फायली ढकलून दिल्या. नांदेडला चान्स आहे म्हणाला होतास, म्हटलं. तो शांतपणे खाली वाकून फायली गोळा करत राहिला. मग म्हणाला, "मावशी, दुसऱ्या फेरीचे पैसे तुम्ही वाचवले. तरी एक फोन केला असता तर मी फुकटात सांगितलं असतं."

त्या माणसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. लिहिताना जाईल असं वाटलं होतं, पण नाही गेला. माझा नंबर त्याच्याकडे होता. त्यालाही एक फोन करता आला असता. तीन दिवस ती पोरगी त्याच्यासमोर बसून यादी करत होती. दुसऱ्या फेरीत काय भरलंस बाळ, एवढं विचारायला कशाचे पैसे लागतात? लोक म्हणतात, त्याची काही चूक नाही. मी म्हणते, असेल नसेल. त्याच्या दारावरून मी आजही जात नाही, मागच्या गल्लीने जाते.

तिसऱ्या फेरीत एकतीसच्या एकतीस नावं भरली. या वेळी यादी पुरी होती, सीटा नव्हत्या. ज्या थोड्या सुटल्या होत्या त्या तिच्या वरच्यांना गेल्या. खाजगी कॉलेजाची फी आमच्या आवाक्यातली नव्हती, ते कुणी तोंडातून काढलंसुद्धा नाही.

मग मी तिच्या मागे लागले की आणखी एक वर्ष बस. तिने नाही म्हटलं. मी म्हटलं, मेसचं एक काम करू नको. ती नाही म्हणाली. म्हटलं, वेगळी खोली घेऊन देते, शांत, एसीची लायब्ररी लावते. नाही. म्हटलं, बरं, मेस एक वर्ष बंद ठेवते, तुझ्याजवळ बसते. रोज मी काहीतरी वाढवत होते आणि ती भांडी पुसत ऐकून घेत होती. एका दुपारी तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"आई, माझ्यासंगं भाव करू नको."

आवाज चढलेला नव्हता. मी काही म्हणायच्या आत तिने सांगितलं की नांदेडला बीएस्सी नर्सिंगला तिचा नंबर लागला आहे. फॉर्म तिने कधी भरला, कागद कधी दाखवले, मला पत्ता नव्हता. त्या फॉर्मवर मोबाईल नंबर तिचा होता.

सोडायला मीच गेले. लातूरहून नांदेडची बस अहमदपूर, लोहा करत जाते आणि शहराच्या आधी विष्णुपुरी लागते. तिथेच मेडिकल कॉलेज आहे, आमच्या यादीतलं दुसरं. थांब्यावर तीन-चार मुली चढल्या, ॲप्रन घडी करून हातावर टाकलेले. आमची मुलगी खिडकीकडे सरकली आणि त्यातल्या एकीला बसायला जागा दिली. दोघी बोलत राहिल्या, कुठल्या तुम्ही, कितवं वर्ष, असं. मी पिशवीतला धपाट्यांचा डबा उगाच उघडून बंद केला. हॉस्टेलवर तिची गादी घालून दिली, बादली-मग आणून दिला, आणि परतीच्या बसमध्ये बसले. बादलीवाल्याने जे सांगितलं ते देऊन टाकलं होतं.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात हुशार आहे. म्हाताऱ्यांची शीर सापडत नसली की तिला हाक मारतात. एकदा फोनवर सांगत होती, नवीन डॉक्टर घाबरला होता, मीच त्याला म्हटलं सर असं धरा. सांगताना हसत होती. मी म्हटलं, कुकरच्या शिट्ट्या होऊन राहिल्या, नंतर बोलते. कुकर चढवलेलाही नव्हता.

मेसमध्ये पालक येतात, विचारतात, तुमची मुलगी काय करते. मी म्हणते, नांदेडला आहे, मेडिकलला. शब्द खोटा नाही. पुढचं ते आपलं आपण समजून घेतात आणि मी समजू देते. असं मी तीन वर्षं करत आले.

या वर्षी निकालानंतरच्या दिवसांत ती तीन दिवस सुटीवर आली होती. तेव्हाच देगलूरकडचे एक नवरा-बायको मुलीला घेऊन जेवायला आले. मुलगी आमच्याकडेच दोन वर्षं जेवलेली, मार्क काठावरचे. बाप तापट. जेवता जेवताच पोरीवर डाफरत होता, की शंभर कोसांवरची नावं यादीत कशाला लिहितेस, पोरीच्या जातीला तिकडं कोण धाडणार. मग मला म्हणाला, "ताई, तुमची लेक एमबीबीएसला हाय ना नांदेडला? तिला बोलवा की, तीच सांगंल हिला."

मी काही बोलायच्या आत ती हात पुसत बाहेर गेली आणि त्यांच्यासमोर बसली. मी स्वयंपाकघरात पडद्यामागे तव्यासमोर होते.

"मी नर्सिंगला हाय, काका," ती म्हणाली.

पोळ्यांवरच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी तव्याकडे बघत राहिले. मुलगी त्या बापाला समजावत होती, की सगळी नावं लिहू द्या, लांबचीसुद्धा, लिहिल्याने जवळचं जात नाही, आणि लागलेली सीट सोडू नका. तो ऐकेना. तुला काय माहीत, असं म्हणाला. तेव्हा तिने सांगितलं की तिला पहिल्या फेरीत एमबीबीएसची सीट लागली होती, ती घेतली नाही, आणि दुसऱ्या फेरीत यादीत चारच कॉलेजं टाकली.

"अन् असं का केलं?" त्याने विचारलं.

"माझंच चुकलं. फॉर्म मीच भरला होता."

तव्यावरची पोळी जळाली. त्या माणसाने ताट बाजूला सारलं. मग पडद्याकडे तोंड करून, आवाजात जरा माया आणून म्हणाला, "ताई, लहान होती ती. तुम्ही तरी सांगायचं होतं तिला."

मला बाहेर जायला चार पावलं होती. मी आतूनच म्हटलं, "हो, सांगायला पाहिजे होतं."

त्या लोकांनी बसल्या जागी यादी केली. माझ्या मुलीने सांगितली, त्यांच्या मुलीने लिहिली, बापाने मान हलवली. जाताना ते तिला आशीर्वाद देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागलेली होती, ड्रायव्हर यायचा होता. मी म्हटलं, काल तू त्या माणसाला. पुढे जमेना. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली.

"राहू दे आई. चूक माझी म्हटल्याबिगर त्यानं ऐकलं नसतं. तुझं नाव सांगितलं असतं तर म्हणाला असता, बघ, आई-बापाचंच बरोबर असतंय, पोरीनंच उलटं केलं असंल." आणि हसली. "शिवाय तुझ्या मेसची गिऱ्हाइकं तुटली असती."

गाडी सुटली. खिडकीतून तिने हात केला, मीही केला. यादी मी कापली, सीट मी घालवली, एवढी दोन वाक्यं मला तिला म्हणायची होती. मी ती इथे लिहिली आहेत. तिला अजून म्हटलेली नाहीत.